हे कुत्रे कोणाचे?

बेंगळूरुच्या जुन्या वस्तीत चिकपेट नावाची पेठ आहे. कानडी भाषेत ‘चिक्क’ म्हणजे लहान. शेजारच्या मोठ्या पेठेला ‘दोड्डपेटे’ म्हणत. तोच आजचा ॲव्हेन्यू रोड. सन १५३७ मध्ये केंपेगौडाने मातीचा किल्ला बांधून त्याच्या आत बाजार वसविला, तेव्हापासून येथील गल्ल्या आपापल्या धंद्याची नावे मिरवीत आल्या आहेत. अक्किपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या, तर चिकपेटेत रेशीम व कापड. सन १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेबरोबर शहाजीराजे येथे आले, हा मुलूख त्यांच्या जहागिरीत आला आणि राजांचा वाडा ह्याच चिकपेटेत होता, असे परंपरेने सांगतात. त्या काळापासून ह्या पेठांच्या परिसरात मराठी बोलणारी शिंपी व भावसार कुटुंबे नांदत आली. विठ्ठलाची देवळे उभी राहिली, आणि कानडी, तेलुगू, तमिळ व मारवाडी ह्यांच्या बरोबरीने मराठी बोलही बाजारात ऐकू येऊ लागले.

अशा पेठेच्या इतिहासात राजे, सावकार, विणकर आणि रंगारी ह्यांची नोंद सापडते. एका रहिवाशाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नसते. दुकानांच्या फळ्या पडल्या, की पायऱ्यांवर येऊन जो अंग मुडपून झोपतो, अनोळखी पावलांची चाहूल लागताच जो सारी गल्ली जागी करतो आणि सकाळी झाडूचा पहिला फटका ज्याच्या पाठीत बसतो, तो हा रहिवासी म्हणजे पेठेतले कुत्रे. ते कोणाचे, असे विचारले तर दुकानदार शेजाऱ्याकडे बोट दाखवितो आणि शेजारी नगरपालिकेकडे. प्रश्न साधा दिसतो. परंतु छळ झालेल्या कुत्र्याला पुन्हा माणसांत आणण्याची जी काही धडपड गेल्या दोनशे वर्षांत ह्या देशात झाली, तिचा सारा इतिहास ह्या एका प्रश्नाला मिळालेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

प्राचीनांनी हा प्रश्न ओळखला नव्हता असे नाही. महाभारताच्या आरंभीच एका कुत्र्याला मार बसतो. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिलू तेथे आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, चाटले नव्हते. तरीही जनमेजयाच्या भावांनी त्याला बडविले. सरमा जाब विचारण्यास आली, तेव्हा कोणापाशी उत्तर नव्हते. निरपराध्याला मारले म्हणून तुम्हावर न दिसणारे भय कोसळेल, असा शाप देऊन ती निघून गेली. त्याच ग्रंथाच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दाराशी उभा आहे आणि मागून आलेल्या कुत्र्याला टाकून आत यावयास तो तयार नाही. एका टोकाला कोणाचेही नसलेले, म्हणून मार खाणारे कुत्रे. दुसऱ्या टोकाला ‘हे माझ्या आश्रयास आले आहे’ असे म्हणणारा राजा. महाराष्ट्राने हीच गोष्ट आपल्या घरगुती थाटात सांगितली. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते काठी घेऊन धावले नाहीत; कोरडी भाकरी घशाला टोचेल म्हणून तुपाची वाटी घेऊन मागे धावले. चिकपेटेच्या आसपासच्या शिंपी घरांतून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली असेल, तर त्यात नवल नाही. नामदेव त्यांच्याच ज्ञातीचे.

परंतु कथेतला जिव्हाळा रोजच्या बोलण्यात उतरला नाही. वाईट मरणाला मराठी माणूस कुत्र्याची मौत म्हणतो, आणि ज्याला कुठेच थारा नाही त्याला धोब्याचे कुत्रे, ना घरचे ना घाटचे, अशी उपमा देतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली दिसतात, जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रे असते. तरीही देवळाच्या पायरीवर आलेल्या कुत्र्याला दगडच मिळतो. श्रद्धा एकीकडे आणि हाताची सवय दुसरीकडे, असा हा दुभंग फार जुना आहे.

राज्यसत्तेने ह्या प्रश्नाला पहिले लेखी उत्तर दिले ते मुंबईत. ज्याला मालक नाही ते कुत्रे मारावे, असे ते उत्तर होते. वर्षातील ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा देणारा नियम सन १८१३ पासून होता. १८३२ मध्ये ती मुदत वाढविण्यात आली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आण्यांचा मोह मोठा. शिपाई पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले, घरांच्या आवारातून उचलू लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशी, शहर उसळले. पारशांना कुत्रा पूज्य. त्यांच्या अंत्यविधीत त्याला स्थान आहे. पण त्या दिवशी जैन, हिंदू आणि मुसलमानही त्यांच्यासोबत बाजार बंद ठेवून उभे राहिले. कुलाब्याच्या लष्कराकडे जाणारे अन्नपाणी अडविण्यात आले, आणि अखेर फौज बोलावून जमाव पांगवावा लागला. काही जणांना शिक्षा झाल्या. सरकारलाही आपला हुकूम मवाळ करावा लागला, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा विचार पुढे आला.

ह्या दंग्यातून एक संस्था जन्मास आली. सन १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईत पांजरापोळ स्थापन केली. भुलेश्वरच्या कापडबाजाराशेजारी उभी राहिलेली ही वास्तू म्हणजे त्या प्रश्नाचे दुसरे उत्तर होते: कुत्रे महाजनांचे. व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीतून धर्मादाय लाग बसवावी आणि मुक्या जिवांना चारा-अन्न घालावे, ही पश्चिम हिंदुस्थानातील जुनी चाल होती. तिला आता नगराचे रूप आले. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी मंडळी स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे पशुरुग्णालय निघाले. मुंबईने एवढे कार्य केले, ह्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि पांजरापोळीची मर्यादाही ओळखावयास हवी. तेथे जीव वाचत असे. पण भिंतीआड गेलेले जनावर बहुधा तेथेच आयुष्य संपवी. त्याला मरणातून सोडविले, माणसांत परत आणले नाही. पुण्य पदरी पडले, नाते जुळले नाही.

दुसऱ्या बाजूला भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रोग एकदा उमटला, की जवळजवळ कोणीही वाचत नाही. फ्रान्समध्ये पाश्चरने १८८५ मध्ये त्यावर लस दिली. हिंदुस्थानात त्या उपचारासाठी १९०० साली हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरात कसौली येथे संस्था निघाली. दक्षिणेतील रोग्याने तेथे पोचावे कसे? १९०२ मध्ये दक्षिणेत एका इंग्रज स्त्रीचा ह्याच रोगाने मृत्यू झाला, तेव्हा ही अडचण सर्वांना जाणवली आणि १९०७ मध्ये निलगिरीत कुन्नूर येथे दुसरी संस्था उभी राहिली. बेंगळूरुसारख्या शहरांना तिचा आधार मिळाला. पुढे कित्येक दशके पोटात टोचल्या जाणाऱ्या चौदा इंजेक्शनांची दहशत घराघरांत होती. ती जुनी लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. पण तिची आठवण अजून वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येते. गल्लीतल्या कुत्र्यावर उचललेल्या पहिल्या दगडामागे पुष्कळदा दुष्टपणापेक्षा हे भय असते. हे विसरून भूतदयेचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न संसदेत आला. नृत्याच्या क्षेत्रात कीर्ती मिळविलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेच्या सदस्य झाल्या. प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध त्यांनी खाजगी विधेयक मांडले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे समिती नेमण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्यातून १९६० चा कायदा झाला. १९६२ मध्ये जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन होऊन रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. जनावराला विनाकारण मारणे, उपाशी ठेवणे, आखूड साखळीने सतत बांधून ठेवणे, पाळून टाकून देणे, हे सारे गुन्हे ठरले. परंतु दंड किती? पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये. साठ साली ही रक्कम अगदीच क्षुल्लक नव्हती. पण आकडा तसाच राहिला आणि रुपया मात्र लहान होत गेला.

कायदा झाला, तरी जखमी कुत्र्याला उचलणारे हात हवेत. ते हात बेंगळूरुला एका वृद्ध स्त्रीच्या रूपाने लाभले. क्रिस्टल रॉजर्स ह्या इंग्रज बाई १९५९ मध्ये दिल्लीत आल्या होत्या. रस्त्याकडेला पडलेला एक मरणोन्मुख घोडा, कावळे त्याचे डोळे टोचीत आहेत आणि येणारेजाणारे आपल्या वाटेने चालले आहेत, असे दृश्य त्यांनी पाहिले आणि पुढचा प्रवास सोडून त्या येथेच राहिल्या. दिल्लीत त्यांनी प्राण्यांसाठी आश्रयस्थान काढले. १९८० मध्ये जयपूरला ‘हेल्प इन सफरिंग’ ही संस्था स्थापन केली. आणि वयाची ऐंशी उलटल्यावर दक्षिणेत येऊन १९९१ मध्ये बेंगळूरुत ‘कंपॅशन अनलिमिटेड प्लस ॲक्शन’ ह्या संस्थेचा पाया घातला. संस्थेच्या नावातच करुणेच्या जोडीला कृतीची अट घातलेली आहे. ‘क्यूपा’ ह्या लघुनामाने ती शहरात ओळखली जाऊ लागली. १९९६ मध्ये रॉजर्सबाई वारल्या. पण त्यांनी जमविलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी काम वाढविले, हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात उपचारकेंद्र चालविले, आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांना नवे घर शोधून देण्याची व्यवस्थाही उभारली.

ह्या कामातून एक ज्ञान साचत गेले. छळ झालेल्या कुत्र्याची जखम दोन ठिकाणी असते. वरची जखम डॉक्टर पाहतो: खरूज, गोचिडी, जंत, मोडलेले हाड, गळ्यात रुतलेली दोरी. औषधे, लस, नसबंदीची शस्त्रक्रिया आणि पोटभर अन्न मिळाले, की काही आठवड्यांत केस उगवतात, बरगड्या झाकल्या जातात. आतली जखम अशी लवकर भरत नाही. कोणी केरसुणी उचलली, की ते जमिनीला चिकटते; हात डोक्याकडे नेला, की दात दाखविते; कोपरा सोडावयास तयार नसते. अशा कुत्र्याला जबरदस्तीने कुरवाळणे हाही त्याच्या लेखी छळच. अनुभवी माणूस त्याच्याकडे रोखून पाहत नाही, त्याच्यावर वाकत नाही. थोड्या अंतरावर कडेने बसतो, अन्नाची ताटली ठराविक वेळी, ठराविक जागी ठेवतो आणि हलक्या आवाजात बोलत राहतो. ताटली रोज वीतभर जवळ येते. ज्या दिवशी ते कुत्रे आपण होऊन हात हुंगते, तो दिवस पंधरवड्यात उजाडेल किंवा सहा महिन्यांनी. येथे प्रेमाच्या उमाळ्यापेक्षा नेमाला किंमत अधिक. नेम मोडला, की विश्वास पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणूनच पाळण्यास उत्सुक असलेल्या कुटुंबाची आधी चौकशी करतात. दिवसभर घरी कोण असते, घरमालकाची हरकत आहे काय, गावाला जाताना सोय काय करणार, हे प्रश्न रूक्ष वाटतात; पण दोनदा टाकलेल्या कुत्र्याला तिसऱ्यांदा माणसावर विश्वास ठेवावयास लावणे किती कठीण, हे ज्यांनी पाहिले आहे तेच ते विचारतात.

तरीही एकेका कुत्र्याला घर देऊन सारे शहर सावरत नाही. एक मादी वर्षाला दोन वेळा विऊ शकते. मारून ही संख्या घटत नाही, हे नगरपालिकांच्या अनुभवाने दाखविले होते. एका गल्लीतली कुत्री नाहीशी केली, की तेथल्या उकिरड्यावर शेजारच्या गल्लीतली येतात. मद्रासच्या ‘ब्ल्यू क्रॉस’ने १९६४ पासून नसबंदीचा पर्याय मांडला, तेथील महापालिकेने १९९६ मध्ये मारणे थांबवून तो स्वीकारला. रॉजर्सबाईंच्या जयपूरच्या संस्थेने १९९४ च्या अखेरीपासून आठ वर्षांत सुमारे २५ हजार कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण केले. त्या भागातील कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि माणसांतील रेबीज तेथे शून्यावर आला. डिसेंबर २००१ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत नियम म्हणून लागू केली: पकडावे, शस्त्रक्रिया व लस करावी, कानाला खूण करावी आणि जेथून उचलले तेथेच सोडावे.

बेंगळूरुत ह्या नियमाची कठोर परीक्षा झाली ती २००७ साली. वर्षाच्या आरंभी थोड्याच आठवड्यांच्या अंतराने मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यांत दोन लहान मुले मृत्युमुखी पडली. आईबापांच्या त्या दुःखापुढे नियमांची भाषा कोणाच्या तोंडून निघणार? शहरात संताप उसळला, आणि कुत्र्यांची सर्रास धरपकड व हत्या झाली. दुसरीकडे, मांसाच्या दुकानांतील अवशेष उघड्यावर टाकले जातात, त्यावर कुत्र्यांचे कळप पोसले जातात आणि नसबंदीचे काम अपुरे पडते, ही कारणेही त्याच वेळी पुढे आली. दोन्ही बाजूंचे लोक रस्त्यावर आले. त्या वादात एक गोष्ट मात्र उघड झाली: जे कोणाचेच नाही त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि त्याची किंमत शेवटी पोर देते, नाहीतर कुत्रे देते.

त्यानंतरची वाटचाल संथ आहे, पण मोजता येते. तत्कालीन महानगरपालिकेच्या गणनेत २०१९ मध्ये शहरातील मोकाट कुत्री सुमारे ३ लाख १० हजार होती. २०२३ मध्ये ती सुमारे २ लाख ७९ हजार भरली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण ह्या काळात सुमारे ५१ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेले. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस नियमित मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. अर्थात नसबंदी एकदाच करावी लागते, लस मात्र पुन्हापुन्हा टोचावी लागते. तेथे हयगय झाली तर केलेले कामही वाया जाते.

मार्च २०२३ मध्ये जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आले. त्यांत गल्लीतल्या कुत्र्याला सामुदायिक प्राणी म्हटले आहे. म्हणजे ते कोणाचे, ह्या प्रश्नाला कायद्याने तिसरे उत्तर दिले: वस्तीचे. परंतु वस्तीतही शाळेला जाणारे मूल आहे आणि काठी टेकीत चालणारे म्हातारपण आहे; त्यांचा हक्क कमी कसा मानावा? हा तंटा २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्लीच्या रस्त्यांवरील सर्व कुत्री निवाऱ्यांत नेण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून, रेबीजची लागण झालेली व हिंस्र कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लस करून मूळ जागी सोडावे, आणि अन्न ठराविक ठिकाणीच घालावे, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके अशा जागांपुरता पुन्हा निराळा, कडक आदेश निघाला: तेथून उचललेली कुत्री तेथे परत सोडू नयेत. मते कशीही असोत, ऑगस्टच्या आदेशातील एक कलम ह्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ज्याला रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्याने नगरसंस्थेकडे अर्ज करावा आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ह्याची हमी त्याची. प्राचीन आश्रयधर्म येथे सरकारी अर्जाच्या रूपाने अवतरला आहे.

हमी निभावली म्हणजे काय होते, ह्याचे एक उदाहरण दक्षिणेने पाहिले आहे. २०१६ च्या जुलैमध्ये चेन्नईत एका कुत्रीला गच्चीवरून खाली फेकल्याची चित्रफीत देशभर पसरली. फेकणारे वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. ती मेली असेल असेच सर्वांना वाटले. पण शोध घेणाऱ्यांना ती जिवंत सापडली. पाय मोडलेला, पाठीच्या कण्याला इजा झालेली, तरी माणसे जवळ येताच तिने शेपूट हलविले. तिचे नाव भद्रा ठेवण्यात आले. उपचार झाले आणि तिला घर मिळाले. त्या वेळी त्या कायद्यातील दंड ५० रुपयेच होता, म्हणून देशभर संताप व्यक्त झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कोणत्याही प्राण्याला ठार किंवा पंगू करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. १९६० च्या कायद्यातील तो जुना आकडा मात्र २०२५ अखेरपर्यंत तसाच होता.

अशा रीतीने बेवारस म्हणून आठ आणे, महाजनांचे म्हणून पांजरापोळ, वस्तीचे म्हणून कानाची खूण, असा हा प्रवास आहे. ह्यांपैकी शेवटची दोन उत्तरे आजही उपयोगाची आहेत, आणि शहरातील बहुतेक कुत्र्यांना तीच पुरवावी लागणार. परंतु ज्या कुत्र्याचा छळ झाला आहे, त्याला समुदाय पुरा पडत नाही. समुदायाला आवाज पुष्कळ असतात, आणि त्याला एकच आवाज ओळखावयाचा असतो. त्याचे पुनर्वसन एखादे माणूस ‘हे माझे’ असे म्हणते तेव्हा सुरू होते, आणि दहा-बारा वर्षे, त्याचे डोळे निवेपर्यंत, ते म्हणणे निभावते तेव्हा पुरे होते. नामदेवांच्या कथेतही तुपाची वाटी हातात असणे एवढ्यावर भागले नाही. तिच्यासकट धावावे लागले.

चिकपेटेत २०१७ पासून जमिनीखालून मेट्रो धावते. वरच्या गल्ल्यांची रुंदी मात्र पूर्वीइतकीच आहे, आणि रात्री फळ्या पडल्यावर पायऱ्या पूर्वीसारख्याच रिकाम्या होतात. त्या पायरीवर कानाला खूण असलेले एखादे कुत्रे स्वस्थ झोपलेले दिसले, तर समजावे, की पेठेने आपला वाटा उचलला आहे. खूण नसलेले, लंगडणारे, माणूस दिसताच भिंतीला चिकटणारे कुत्रे दिसले, तर तो जुना प्रश्न त्या पायरीवर अजून उत्तराची वाट पाहत बसलेला आहे.